घाटात गाडी बंद पडली तर?

समजा, तोरणमाळच्या घाटात रात्री गाडी बंद पडली. घरचे सोबत आहेत. पॉलिसीत 'रोडसाइड असिस्टन्स' आहे, पण येणार कोण?

म्हणून स्वस्त-महाग नंतर बघा. आधी कंपनीला फोन लावून विचारा: धडगावला टोइंगची गाडी कुठून येणार, नंदुरबारहून की धुळ्याहून? किती किलोमीटर फुकट, पुढे काय दर? वर्षातून किती वेळा? उत्तर गोलमोल आलं, तर ते कव्हर घेऊच नका. आणि हो, पार्ट आणि पेट्रोलचे पैसे बहुतेक वेळा आपलेच असतात.

नवापूर-विसरवाडीकडे राष्ट्रीय महामार्गावर असाल, तर १०३३ हा हेल्पलाइन नंबर आहेच. घाटात मात्र रेंज जाते. तेव्हा वर चढण्याआधीच घरी कळवा. अडकलात, तर येणाऱ्या एसटीच्या ड्रायव्हरदादाकडे निरोप द्या!