दारीं जप्ती आली म्हणजे

(जुन्या जालन्यांतील एका गल्लींत भरलेल्या बैठकींत केलेलें भाषण)



आज आम्ही तुमच्यापुढें मोठें तत्त्वज्ञान सांगण्यास उभे नाहीं. घरपट्टी, नळपट्टी आणि जप्ती ह्या तीन गोष्टींवर बोलणार आहों. विषय कोरडा खरा; पण मार्च महिना जवळ आला कीं ज्याच्या छातींत धडकी भरते त्यास तो कोरडा वाटणार नाहीं.

आधीं आम्ही स्वतः पाहिलेली एक हकीकत सांगतों. मराठवाड्यांतील एका गांवीं एक विधवा भगिनी शिवणकाम करून दोन पोरें पोसते. नवरा वारल्यापासून घरपट्टी तुंबली. बिलें येत, ती तीं देवळींत खोंचून ठेवी. कारण वाचतां येत नव्हतें आणि दुसऱ्यास विचारावयाची लाज. एके दिवशीं वसुलीचीं चार माणसें दारांत आलीं. तिनें आंतून कडी लावली. शेजाऱ्यांनीं आपापलीं दारें लोटून फटींतून तमाशा पाहिला. शेवटीं कडी निघाली आणि घरांत विकण्याजोगें एकच दिसलें तें, म्हणजे शिवणयंत्र, त्यांनीं उचलून नेलें. आम्ही गेलों तेव्हां तिच्या हातीं ना यादी, ना पावती. देवळींतले कागद काढून पाहिले तर मूळ कर थोडा आणि त्यावरची शास्ती कराहून अधिक!

मित्रहो, तें यंत्र त्यांस उचलतांच येत नव्हतें. हें कायद्यांत लिहिलेलें आहे. पण तें बाईस ठाऊक नव्हतें, शेजाऱ्यांस ठाऊक नव्हतें, आणि ज्यांस ठाऊक असावयास पाहिजे होतें त्यांनीं सांगितलें नाहीं. आम्हीं लेखी अर्ज केला तेव्हां आठ दिवसांनीं यंत्र परत आलें. त्या आठ दिवसांची मजुरी तिला कोण देणार?

ही भीति आजची नाहीं. आपलें जालना १९४८ च्या सप्टेंबरपर्यंत निजामाच्या राज्यांत होतें. सरकारी शिपाई दिसला कीं मागच्या दारानें शेताकडे पळावें, हें आपल्या आजोबापणज्यांचें शहाणपण. १९५६ सालीं आपण मुंबई राज्यांत आलों, १९६० सालीं महाराष्ट्र झाला, १ मे १९८१ रोजीं जालना स्वतंत्र जिल्हा झाला, आणि २०२३ सालीं नगरपालिकेची महानगरपालिका झाली. राज्यें बदललीं, पाट्या बदलल्या, पण आंतून कडी लावण्याची आपली संवय कांहीं गेली नाहीं!

आतां त्या कडीची किंमत ऐका. थकलेल्या करावर दरमहा शेंकडा २ प्रमाणें शास्ती चढते. म्हणजे हजार रुपयांवर महिन्यास वीस, वर्षास दोनशें चाळीस. पन्नास महिने गप्प बसलांत कीं शास्तीच हजार रुपये झाली! शिवाय दरसालचा नवा कर आहेच. सावकाराच्या व्याजावर आपण व्याख्यानें ऐकतों. मग बिल देवळींत खोंचून हें व्याज आपल्या हातानें कां वाढवावें?

जप्ती ही आभाळांतून पडत नाहीं. तिला पायऱ्या आहेत. पहिली पायरी बिल. दुसरी मागणीची नोटीस. तिची मुदत टळली, आणि कर कां भरला नाहीं ह्याचें योग्य कारण दाखविलें नाहीं, म्हणजे तिसरी पायरी जप्तीचें वॉरंट. बेलीफ हा कोर्टाचा नोकर. घरपट्टीसाठीं येतात ते बहुधा पालिकेच्या वसुली पथकाचे लोक. दोघांसही कागद लागतो. तेव्हां दारांत कोणी आल्यास पहिला प्रश्न हाच करा: "तुमचें ओळखपत्र दाखवा, आणि वॉरंट कोणाच्या सहीचें आहे तें दाखवा." हें विचारण्यांत उद्धटपणा नाहीं.

पूर्वीं येथें १९६५ चा नगरपालिका कायदा होता, आतां १९४९ चा महानगरपालिका कायदा लागू आहे. जप्तीची रीत दोहोंत बहुतांशीं सारखीच. थकबाकीदाराचीं व त्याच्या बायकामुलांचीं जरुरीचीं वस्त्रें व अंथरूणपांघरूण नेतां येत नाहीं. कारागिराचीं हत्यारें नेतां येत नाहींत. तो शेतकरी असेल तर त्याचीं औतें, बियाणें आणि पोट भरण्यास लागणारीं जनावरें नेतां येत नाहींत. म्हणजे सुताराचा रंधा, चांभाराची रांपी, न्हाव्याची धोपटी आणि आमच्या त्या भगिनीचें शिवणयंत्र हीं जप्तीबाहेर आहेत. दार फोडावयाचें तर तसा खास लेखी हुकूम पाहिजे, आणि तेंही सूर्योदय ते सूर्यास्त ह्यांच्या दरम्यान. माल उचलावयाचा तो मागणीच्या मानानें. दोन हजारांसाठीं वीस हजारांचा नव्हे. उचललेल्या मालाची यादी तेथल्या तेथें करून तिची नक्कल घरवाल्यास द्यावी लागते. लिलावांत जास्त पैसा आला तर वरचा पैसा मालकाचा.

पण ह्यावरून घर सुटलें असें कोणीं समजूं नये. भांडीं वांचलीं तरी खुद्द घर किंवा दुकान जप्त होऊन लिलावांत निघूं शकतें. आणि वसुलीवाल्यावर हात टाकलात, शिवीगाळ केलीत, तर घरपट्टीचें प्रकरण बाजूस राहून फौजदारी गळ्यांत पडते. तो शिपाईही तुमच्या-आमच्यासारख्याच घरचा पोर आहे. त्याच्याशीं गोडीनें बोला, पण कागदावांचून कांहीं देऊं नका. विशेषेंकरून त्या मधल्या माणसास कांहीं देऊं नका, जो कानाशीं लागून म्हणतो, "दोन हजार द्या, मी मिटवितों." ज्या पैशाची पावती नाहीं तो पैसा पालिकेच्या वहींत चढत नाहीं. मिटतो तो तुमचा खिसा!

मग करावें काय? बिल आलें त्याच दिवशीं वाचा अगर वाचवून घ्या. घराचें क्षेत्र जास्त धरलें असेल, मयताचें नांव चालू असेल, भरलेली रक्कम वजा केली नसेल, तर मुदतींत लेखी हरकत द्या आणि पोंच घ्या. एकदम भरणें होत नसेल तर होईल तितकें भरा, हप्त्यांसाठीं अर्ज करा. जिल्हा विधी सेवा प्राधिकरणामार्फत लोकअदालत भरते. तेथें पालिकेच्या थकबाकीचीं प्रकरणें तडजोडीनें मिटतात, आणि गरिबास वकिलाचा सल्लाही त्या प्राधिकरणाकडून फुकट मिळतो. शास्तींत सवलत जाहीर झाली आहे काय, हेंही विचारीत जा. सवलत ज्यास कळते त्यासच मिळते.

वसुली करणारांसही आमचें एक सांगणें आहे. २०२२ सालीं नाशिक महानगरपालिकेनें थकबाकीदारांच्या दारापुढें ढोल वाजविण्याची मोहीम काढली. पैसेवाल्या टग्यापुढें ढोल वाजवा, आम्हांस दुःख नाहीं. पण गरिबाजवळ अब्रूवांचून दुसरें धन नसतें. बिल, नोटीस, वॉरंट, यादी, लिलाव, ह्या पायऱ्यांत ढोल कोठें आहे? आणि कारखान्यांच्या, कचेऱ्यांच्या दारांत तो तितक्याच जोरानें वाजतो काय, हें जनतेनें विचारावें. थकबाकीदारांची मोठी यादी आधीं आणि लहान यादी मागून, असा क्रम असावा.

कर देऊं नका असें आम्ही कधींच म्हणणार नाहीं. घाणेवाडीचा तलाव असो कीं जायकवाडीची पाइपलाइन, पाणी फुकट येत नाहीं. पण जो कर देतो त्यास हिशेब विचारण्याचा हक्क आहे. जोतीराव फुले पुणें नगरपालिकेचे सभासद असतां १८८० सालीं व्हाइसरॉय लॉर्ड लिटनच्या स्वागतासाठीं हजार रुपये खर्चण्याची गोष्ट निघाली. त्यांनीं तीस विरोध करून हा पैसा गरिबांच्या शिक्षणास लावा असें सांगितलें. नळास पाणी कां येत नाहीं, हें आपणही विचारूं. पण पावती हातांत धरून विचारूं. खेड्यांतल्या बांधवांनीं हेंही लक्षांत ठेवावें कीं मागणीचें बिल मिळूनही तीन महिन्यांत कर न भरणारा ग्रामपंचायतीचा सदस्य अपात्र ठरूं शकतो. मत मागावयास येणारास तुमच्या घरपट्टीची पावती दाखवा म्हणण्यास काय हरकत आहे?

शेवटीं एकच विनंती. ह्या गल्लींत शिकलेले दहावीस तरुण आहेत. त्यांतील दोघांनीं दर रविवारीं तासभर ह्याच पारावर बसावें, आणि ज्यांस वाचतां येत नाहीं त्यांचीं बिलें वाचून द्यावीं, अर्ज लिहून द्यावे. आणि कोणाच्या दारीं जप्ती आली तर फटींतून पाहूं नका. दार उघडून बाहेर या, त्या घरच्या माणसाजवळ उभे राहा आणि यादीची नक्कल मागा. त्या भगिनीच्या दारांत त्या दिवशीं असे दोन शेजारी उभे राहिले असते तर तिचें यंत्र गेलें नसतें.