सकाळचे पहिले पाऊल

त्र्यंबकेश्वरहून पंढरपूरला निघालेली निवृत्तिनाथांची पालखी आमच्या मिरजगावावरून कर्जतकडे जाते. एका वर्षी मी वारकऱ्यांचे पाय चेपायला बसलो होतो. माझीच टाच ठणकत होती; भीतीने मी सकाळचे फिरणे सोडले होते. एका आजींच्या टाचेला तेल लावताना त्या म्हणाल्या, “बाबा, सकाळचं पहिलं पाऊल तेवढं जड जातं. मग पाय आपणहून वाट धरतात.”

पुढे डॉक्टरांनी त्याचे कारण सांगितले. टाचेपासून बोटांपर्यंत तळव्यात एक जाड पट्टा असतो. रात्री तो आखडतो, सकाळी भार पडताच ताणतो आणि कळ येते. उठण्यापूर्वी तळव्याला पंचा अडकवून पाऊल अर्धा मिनिट आपल्याकडे ओढावे, असे तीनदा. भिंतीला हात टेकून पोटरी ताणावी. गार पाण्याची बाटली तळव्याखाली घोळवावी. घरातही मऊ तळाची चप्पल घालावी. चालणे कमी करावे, बंद करू नये. बहुतेकांचे दुखणे काही महिन्यांत ओसरते.

मात्र पाय सुजला, बधिर झाला किंवा मधुमेह असताना पायाला जखम झाली, तर दुखणे अंगावर काढू नका; डॉक्टरांकडे जा.

माझी टाच पाच महिन्यांनी बरी झाली. पुढच्या वर्षी पालखीला निरोप द्यायला वेशीपर्यंत चालत गेलो. त्या आजी पुन्हा दिसल्या नाहीत. पण रोज सकाळी पहिले पाऊल टाकताना आठवतात.