ताळा न केलेला आकडा



आज मी माझ्या एका चुकीबद्दल बोलणार आहे. गावच्या दूध संकलन केंद्रात नवा कॉम्प्युटर आला होता. इलेक्ट्रॉनिक वजनकाटा त्याच्या सीरियल पोर्टला जोडायचा, आकडा वाचायचा, पावती छापायची. तो प्रोग्राम मी लिहिला.

लिनक्समध्ये हार्डवेअरला हात लावायचं काम कर्नलचं. साध्या प्रोग्रामने पोर्टच्या नावाची फाइल उघडायची आणि आलेलं वाचायचं. मला सवय डॉसची. मी रूटचे अधिकार घेतले, ‘आयोपर्म’ने परवानगी मिळवली आणि थ्री-एफ-एट या पत्त्यावरून थेट अक्षरं उचलू लागलो. चाललं! मी खूश.

महिनाभराने एक आजी पावती घेऊन आल्या. "बाळा, मी घरून मोजून आणते. आज पाव किलोच्या वर कमी कसं?"

मी म्हणालो, "आजी, कॉम्प्युटर चुकत नाही." त्या काही न बोलता गेल्या.

रात्री झोप येईना. उठून हिशेब मांडला. ९६०० बॉडला एक अक्षर साधारण एका मिलिसेकंदात येतं. चिपमधला १६ अक्षरांचा साठा मी चालूच केला नव्हता. जागा होती एकाच अक्षराची. अक्षर आलं की चिप इंटरप्ट देते, म्हणजे कर्नलला हाक मारते. माझ्या प्रोग्रामला ती हाक ऐकूच येत नव्हती. तो आपला "आलं का, आलं का" विचारत बसायचा. दुसऱ्या कामामुळे त्याची पाळी जरा लांबली की मधला आकडा गळायचा. १२.८५ चं १२.५ व्हायचं. कधी वजन वाढतही असेल, पण ते सांगायला कोण येणार?

चिप मात्र सांगत होती. तिच्या लाइन स्टेटस रजिस्टरमध्ये ‘अक्षर आलं’ हा एक बिट आणि अगदी शेजारी ‘अक्षर हुकलं’ हा दुसरा. मी पहिलाच बघत होतो.

प्रोग्राम कर्नलमार्फत वाचणारा केला. आकडे कमी भरले तर वजन पुन्हा घ्यायचं, अशी अट घातली. आजींच्या घरी जाऊन चूक कबूल केली, त्यांच्या मापाप्रमाणे फरक दिला. पण त्या महिन्यात आणखी कुणाचं किती गेलं, ते आजही सांगता येत नाही.

आपले गणिताचे सर उत्तर बरोबर असलं तरी ताळा नसेल तर गुण कापायचे. तेव्हा राग यायचा. सर, आज तुम्ही समोर बसला आहात म्हणून सांगतो, ते गुण कापलेत ते योग्यच केलंत.