लॅब्राडॉर की स्पिट्झ?



कुत्रा घरी येतो मुलांच्या हट्टाने; पण दुपारी त्याच्यापाशी असते कोण? आपणच! तेव्हा कोणता आणायचा, हे ठरवताना आपला शब्द आधी घेतला जावा.

लॅब्राडॉर स्वभावाने गोड, मुलांत रमणारा. पण पिलू वर्षभरात २५-३० किलोंचे होते. त्याने साखळीला हिसका दिला, की सासूबाई पडल्याच म्हणून समजा! दोन्ही वेळा त्याला भरपूर फिरवावे लागते. आणि खादाड किती! केंब्रिजच्या संशोधकांना २०१६ साली आढळले, की दर चार लॅब्राडॉरांत साधारण एकाच्या जनुकातच अशी उणीव असते, की त्याला खा-खा सुटते. म्हणून त्याने केविलवाणे तोंड केले तरी पोळी टाकू नये. वजन वाढले की सांध्यांवर भार येतो.

स्पिट्झ, ज्याला आपण सर्रास पामेरियन म्हणतो, तो लहानखुरा. दोन खोल्यांत सुखाने राहतो. केस मात्र वरचेवर विंचरावे लागतात, आणि दारावरची घंटा वाजली, की घर डोक्यावर घेतो. तान्हे मूल निजलेले असेल, तर विचार करा.

वरच्या मजल्यावर, म्हाताऱ्या माणसांच्या घरात मी स्पिट्झच सुचवीन. रेबीजची लस दोघांनाही तिसऱ्या महिन्यात टोचून घ्यावी, आणि पुढे पशुवैद्य सांगतील त्या तारखांना.