आधी आईबापांनी उघड व्हावं

(मालाड येथील वसंत व्याख्यानमालेतील व्याख्यानाचं शब्दांकन)



पत्रिकेत आजचा विषय ‘स्वतःचा स्वीकार आणि मुलांचं संगोपन’ असा छापला आहे. संगोपन हा शब्द वाचून तरुण आईबाप बरेच आलेले दिसतात, आणि पुढच्या रांगांत आजी-आजोबा नेहमीप्रमाणे वेळेआधी येऊन बसलेत. मला दोघांशीही बोलायचं आहे.

माझं म्हणणं सुरुवातीलाच सांगून टाकते. ‘तू जसा आहेस तसा आम्हाला आवडतोस’ हे वाक्य मुलाला कितीही वेळा ऐकवा, मूल ते तपासून घेतं. आई चारचौघांत कशी वागते, बाबा कुणासमोर आवाज खाली आणतो, पाहुणे येणार म्हटल्यावर घरातली कोणती वस्तू कपाटात जाते, यावरून ते ठरवतं की आपण आहोत तसे या जगात राहू शकतो की नाही. म्हणून मुलाचा स्वीकार ही पुढची पायरी. आधी आईबापांनी स्वतःला लपवणं थांबवायला हवं. आज मी जे काही सांगेन ते फिरून फिरून इथेच येईल.

कुरारपासून मार्वेपर्यंत या मालाडात कुठकुठली माणसं येऊन राहिली, ते तुम्हाला मी सांगायला नको. कोकणातली, घाटावरची, गिरणगावातून इकडे सरकलेली. मी शाळेत शिकवत होते तेव्हा पालकसभेला येणाऱ्या आया मी बघायची. ज्या बाई घरी भिशीचा पै-पैचा हिशोब तोंडपाठ ठेवतात, सोसायटीच्या सभेत पाण्यावरून सेक्रेटरीला गप्प करतात (हशा), त्याच बाई इंग्रजी शाळेच्या वर्गात शेवटच्या बाकावर बसून नुसती मान हलवायच्या. बाहेर पडल्यावर मुलाला सांगायच्या, ‘शाळेत आपली गावची भाषा बोलू नकोस हं.’ मग दोन-तीन वर्षांनी ते मूल म्हणायचं, ‘आई, तू नको येऊस, बाबांना पाठव.’ बाईंना वाईट वाटायचं. पण मूल त्यांच्याकडूनच शिकलं होतं, की घरात जे आहे ते बाहेर दाखवायचं नसतं.

तुम्ही आता गप्प झालात. आजचा विषय दुसऱ्या कुणाचा तरी आहे असं समजून आलेल्यांनाही तो आपलाच वाटावा, म्हणून हे आधी सांगितलं.

आता दुसऱ्या टोकाची आई. तृतीयपंथी कार्यकर्त्या गौरी सावंत. त्यांच्या आयुष्यावरची ‘ताली’ ही मालिका 2023 साली आली, सुश्मिता सेन यांनी त्यांची भूमिका केली, रवी जाधव यांनी दिग्दर्शन केलं. तुमच्यापैकी बहुतेकांनी पाहिली असणार, त्यामुळे पुण्यातलं बालपण, पोलीस अधिकारी वडील, घर सोडून मुंबईला येणं, हे सगळं मी ओलांडून जाते. आपल्याला हक्काने सांगता येईल अशी गोष्ट ही, की ‘सखी चार चौघी’ हा त्यांचा ट्रस्ट 2000 साली सुरू झाला आणि तो आपल्या मालवणीतला. इथून रिक्षाने जाता येईल इतक्या अंतरावरचा.

एका देहविक्री करणाऱ्या बाईचं एड्सने निधन झालं. मागे लहान मुलगी राहिली, आणि तिला विकण्याची भाषा सुरू झाली. गौरीताईंनी त्या मुलीला आपल्या घरी आणलं. हे 2008 सालचं. मुलीचं नाव मी घेणार नाही, ती तिची गोष्ट आहे. 2017 साली विक्सच्या जाहिरातपटात ही मायलेकीची कथा सगळ्या देशाने पाहिली. नीरज घायवान यांनी तो केला होता. त्यात मुलगी सांगते, की आईला वाटतं मी डॉक्टर व्हावं, पण मला वकील व्हायचंय, आईच्या हक्कांसाठी.

लोक ते बघून रडले. मीही रडले. पण रडून झाल्यावर नीट बघायची गोष्ट वेगळीच आहे. ही आई पदर सावरून, कपाळाला ठसठशीत कुंकू लावून, आहे त्या आवाजात जगासमोर उभी राहिली. मुलीला त्रास नको म्हणून आपण मागे राहावं, शाळेत दुसऱ्या कुणालातरी पाठवावं, असं तिने ठरवलं असतं तर त्यागाची मूर्ती म्हणून आपण तिचं कौतुकच केलं असतं. आणि ती मुलगी मात्र आयुष्यभर एक गोष्ट घेऊन जगली असती, की माझी आई लपवण्याजोगी आहे. (टाळ्या)

तृतीयपंथी व्यक्तींना स्वतःची लिंगओळख स्वतः ठरवण्याचा हक्क सर्वोच्च न्यायालयाने 15 एप्रिल 2014 रोजी मान्य केला, हे आपण जाणताच. त्या निकालाचे तपशील मी सोडते. पण एक सांगते, न्यायालय ओळख देऊ शकतं. आईच्या अंगातली ती ताठ मान न्यायालय देत नाही.

आता ज्यांचा मुलगा किंवा मुलगी समलिंगी आहे त्या आईबापांकडे येते. या सभागृहात असे आईबाप आहेत हे मी धरून चालते. कुणी हात वर करायची गरज नाही.

मूल एका रात्री धीर करून सांगतं. आईबाप कोसळतात, मग सावरतात, बरेचजण मुलाला जवळ घेतात. आपल्याला वाटतं, झालं, स्वीकार झाला. माझ्या मते खरी परीक्षा त्यानंतरच्या लग्नसराईत असते. मांडवात मावशी विचारते, ‘काय गं, तुझ्या मुलाचं कधी?’ आणि आई म्हणते, ‘सध्या करिअरवर लक्ष आहे त्याचं.’ मुलगा बाजूला ताट घेऊन उभा असतो. त्याने स्वतःची खोली उघडली, आणि आता आईबाप त्याच खोलीत जाऊन दार लावून बसले. मुलाने जे सोडलं तेच लपणं आईबापांनी उचललं, हे त्याला त्या ताटाशी उभं राहून कळतं.

म्हणून मला पद्मा अय्यर या मुंबईच्या आईचं मोल फार वाटतं. 2015 च्या मे महिन्यात त्यांनी आपला मुलगा हरीश याच्यासाठी ‘मिड-डे’त जाहिरात दिली. स्थळ हवंय. वर हवाय. वय अमुक ते तमुक, शाकाहारी, प्राण्यांवर प्रेम करणारा. काही वृत्तपत्रांनी ती छापायला आधी नकार दिला होता. जातीची अट नाही, पण अय्यर असल्यास प्राधान्य, असंही त्यात होतं. (हशा) हसू येतं, आणि त्या ओळीवर टीकाही झाली. टीका रास्तच होती, जात आपण इतक्या सहज पुढे नेतो. पण त्या आईने केलं काय ते बघा. मुलाच्या लग्नासाठी आपल्याकडची कुठलीही आई जे करते, तेच तिने गावभर, छापून केलं. समलिंगी संबंधांना गुन्हा ठरवणाऱ्या 377 कलमाचा निकाल लागायला तेव्हा तीन वर्षं होती. कायदा बदलायची वाट तिने पाहिली नाही.

2017 साली मुंबईत अशा पालकांनी ‘स्वीकार’ नावाचा गट सुरू केला. पालक पालकांशी बोलतात. पुण्याच्या बिंदुमाधव खिरे यांनी पालकांचे अनुभव ‘मनाचिये गुंती’ या पुस्तकात मराठीतून आणले आहेत. ते घरात ठेवा, समोरच्या फळीवर ठेवा.

(श्रोत्यांमधून प्रश्न: ‘असं उघड बोलून आमच्या मुलांवर परिणाम नाही का होणार?’)

होणार. आणि व्हावा. साहेब, तुम्ही विचारलंत ते बरं झालं, कारण अनेकांच्या मनात ते आहे. तुमच्या मनात काळजी आहे, तिला मी हसण्यावारी नेणार नाही. पण परिणाम गप्प राहण्याचाही होतो. या विषयावर घरात कधीच कुणी बोलत नाही, एवढ्यावरूनच मूल समजून जातं की हे सांगितलं तर घर जाईल. घर जाण्याची ही भीती इतकी खरी आहे, की 2019 च्या तृतीयपंथी व्यक्तींच्या हक्कांच्या कायद्यात त्यासाठी कलम घालावं लागलं: तृतीयपंथी आहे एवढ्या कारणावरून कुठल्याही मुलाला, सक्षम न्यायालयाच्या आदेशाशिवाय, आईबापांपासून वेगळं करता येणार नाही. आपल्याच मुलाला घराबाहेर काढू नका, हे कायद्याने सांगावं लागतं. आपल्या बोलण्याने मूल बदलत नाही. ते आपल्याजवळ राहील की नाही, एवढंच बदलतं.

(‘पण हे सगळं अलीकडचंच ना?’)

अलीकडचं? मग मला कर्व्यांकडे जावंच लागेल.

महर्षी धोंडो केशव कर्वे, म्हणजे अण्णा. 11 मार्च 1893 रोजी त्यांनी गोदूबाईंशी पुनर्विवाह केला. गोदूबाई विधवा, पंडिता रमाबाईंच्या शारदासदनातल्या. लग्नानंतर अण्णा बायकोला घेऊन मुरूडला गेले. स्वतःच्या गावी. पुण्यात राहून गप्प बसता आलं असतं, गावाला कळायचं तेव्हा कळलं असतं. पण ते गेले. गावाने बहिष्कार घातला. त्याची झळ म्हाताऱ्या आईला आणि भावाला लागली. आपल्या उघडेपणाची किंमत आपल्या माणसांनाही मोजावी लागते, हे अण्णांनी पाहिलं, आणि तरी त्यांनी लग्न लपवलं नाही.

या सगळ्याच्या वेळी त्यांच्या पहिल्या पत्नीचा, राधाबाईंचा मुलगा अकरा वर्षांचा होता. त्याचं नाव रघुनाथ.

मंडळी, अकरा वर्षांचं मूल काय बघत असेल? बाप लग्न करतो, गाव तोंड फिरवतं, बाप मान खाली घालत नाही. पुढे हाच रघुनाथ गणिताचा प्राध्यापक झाला, 1921 साली त्याने मुंबईत संततिनियमनाचं केंद्र काढलं, त्या कामापायी विल्सन कॉलेजातली नोकरी गेली, आणि जुलै 1927 मध्ये ‘समाजस्वास्थ्य’ मासिक सुरू केलं. 1953 मध्ये मरेपर्यंत चालवलं. त्याच्यावरचा ‘ध्यासपर्व’ चित्रपट तुम्ही पाहिलाय, म्हणून त्याच्या पत्नी मालतीबाईंचं सांगत नाही. सांगायलाच हवं खरं तर, पण वेळ... मूल न होऊ देण्याचा निर्णय दोघांनी घेतला आणि तोही लपवला नाही. त्या काळात!

आणि हे ऐका. 1934 च्या खटल्यात रघुनाथरावांवर अश्लीलतेचा आरोप होता, तो वाचकांच्या प्रश्नांना दिलेल्या उत्तरांवरून. त्या प्रश्नांत समलिंगी संबंधांचा प्रश्नही होता. त्यांचं वकीलपत्र डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी घेतलं. खटला हरले, दंड झाला. पण नव्वद वर्षांपूर्वी एक मराठी माणूस कुणीतरी घाबरत घाबरत पाठवलेल्या पत्राला मासिकात छापून उत्तर देतो, आणि दुसरा मराठी माणूस त्याच्यासाठी कोर्टात उभा राहतो! हे अलीकडचं नाही, साहेब. ही आपली परंपरा आहे, आपणच ती विसरलो. (टाळ्या)

बाप आणि मुलगा, दोघांची कामं वेगळी. महर्षींनी स्त्रीशिक्षणाची वाट धरली, रघुनाथने त्याहून अवघड वाट धरली. बापाने मुलाला आपली मतं दिली असं मी म्हणत नाही. आपल्याला पटलेलं आयुष्य गावासमोर जगायचं, हे मात्र त्याला घरात बघायला मिळालं, असं मला ठामपणे वाटतं.

अध्यक्षांची चिठ्ठी आली आहे. सभागृह साडेआठला रिकामं करायचं आहे, आणि माझे किशोरवयीन मुलांबद्दलचे मुद्दे राहिलेत. ते सोडते. दोन गोष्टी मात्र सांगूनच बसेन.

पहिली सावधगिरीची. उघड व्हायचं ते स्वतःपुरतं. मुलाने तुम्हाला विश्वासाने जे सांगितलं ते मावशीला सांगायचा हक्क तुम्हाला नाही, त्याने ‘सांग’ म्हटल्याशिवाय नाही. तोवर मावशीला एवढंच म्हणा, ‘त्याच्या आयुष्याचं तो ठरवेल, आणि तो ठरवेल त्यात आम्ही आहोत.’ खोटं नाही, चुगलीही नाही.

दुसरी कामाची. प्रत्येक घरात एखादी गोष्ट असते जी पाहुणे आले की आत जाते. कुणाची मानसोपचारांची गोळी असते, कुणाची सुटलेली नोकरी, कुणाचा घटस्फोट, कुणाची गावची बोली. सगळ्या बाहेर काढा असं मी म्हणत नाही. काहींच्या मागे खरा धोका असतो, नोकरीचा, घरमालकाचा. पण ज्यामागे फक्त लाज आहे अशी एक निवडा, आणि या महिन्यात मुलांच्या देखत, बाहेरच्या माणसासमोर, साध्या आवाजात बोला. पालकसभा असेल तर पुढच्या बाकावर बसा आणि जी भाषा येते त्या भाषेत प्रश्न विचारा. मुलाने त्या क्षणी तोंड लपवलं तरी विचारा. वर्गात वाट्टेल तेवढं इंग्रजी असू दे, तुमचं मूल तुमच्याकडेच बघत असेल.