कट्टा ओढू, डोक्यावर नेऊ की गाडीवर?

धान निघालं की आपल्या आमगाव भागात घरोघरी, गटागटात कट्टे हलवायचं काम सुरू होतं. आमच्या गटात ढकलगाडी घ्यायचा विषय निघाला, तेव्हा काहींच्या घरून विचारणा झाली, "इतकी वर्षं ओढलेच ना कट्टे, आता गाडी कशाला?" वाद घालण्यापेक्षा आम्ही हिशोबच केला. तोच आज सांगते.

शाळेतलं विज्ञान आठवा. कार्य म्हणजे बल गुणिले अंतर. एक किलो वजन तोलून धरायला सुमारे 10 न्यूटन बल लागतं. 1 न्यूटन बलाने वस्तू त्याच दिशेने 1 मीटर सरकली, की 1 ज्यूल कार्य झालं.

आम्ही वजनाचा लटकता काटा घेतला. 40 किलोच्या कट्ट्याला दोरी बांधून ती काट्यात अडकवली आणि काटा आडवा धरून सिमेंटवरून हळूहळू ओढला. काटा 20 किलोवर थांबला, म्हणजे घर्षणाचं बल 200 न्यूटन. गोदाम 20 मीटर लांब. 200 गुणिले 20, म्हणजे 4000 ज्यूल. एवढी ताकद गेली कुठे? कट्टा तर ना वर गेला, ना त्याचं काही वाढलं. सगळी घर्षणाने खाल्ली. तिची उष्णता झाली आणि बारदान घासलं. जात्यातून पीठ कोमट निघतं, तसंच हे.

मग मागून आणलेल्या ढकलगाडीवर तोच कट्टा ठेवला. ओढताना काटा 3 किलोच दाखवत होता. चाक घासत नाही, फिरतं. 30 गुणिले 20, झाले 600 ज्यूल. कट्टा अर्धा मीटर उचलून गाडीवर ठेवायचे 200 ज्यूल. एकूण 800. म्हणजे ओढण्याच्या पाचवा हिस्सा.

तेवढ्यात एका काकूंनी विचारलं, "आणि डोक्यावर नेला तर?" दीड मीटर उचलायचे 600 ज्यूल. पुढे सपाट जमिनीवर चालताना वजनाविरुद्धचं कार्य शून्य, कारण वजन खाली ओढतं आणि आपण आडवं चालतो. काकू चिडल्याच. "म्हणजे गाडीपेक्षा डोकंच स्वस्त? अन् मान मोडते ती शून्यात?"

मैत्रिणींनो, प्रश्न अगदी बरोबर होता. पुस्तकातलं कार्य म्हणजे कट्ट्यावर झालेलं कार्य. कट्टा नुसता तोलून धरायलाही मानेचे, पाठीचे स्नायू सतत ताणलेले राहतात आणि अंगातली ताकद खर्च होते. ती या गुणाकारात येत नाही. भिंतीची खुंटी थकत नाही, बाई थकते. म्हणून दोन गोष्टी पाहायच्या: घर्षण किती ताकद खातं, आणि भार कोण पेलतं. ओढताना घर्षण खातं, डोक्यावर मणका पेलतो. गाडीत घर्षण कमी आणि भार चाकांवर.

हा हिशोब आम्ही इतिवृत्तात लिहिला आणि गाडीचा ठराव एकमताने झाला. तुम्हीही पुढच्या बैठकीत काटा घेऊन बसा. जमीन मातीची असेल तर आकडे वेगळे येतील, पण गुणाकार तोच. आणि कुणी म्हणालं, "त्यात काय काम आहे?", तर काटा त्यांच्या हातात द्या आणि दोरी ओढायला सांगा.