वणव्याआधी भरलेली टाकी



होळी जवळ आली की डोंगरावरचं गवत कडकडीत वाळतं. वन विभाग 15 फेब्रुवारी ते 15 जून हा वणव्याचा हंगाम धरतो. मोह वेचायला सोपं जावं म्हणून पेटवलेला पाला, बांधावरचा जाळ, फेकलेली विडी. बहुतेक वणवे माणसाच्याच हातून लागतात. जळते ती आपली वैरण, आपलं सरपण, आपला मोह आणि हिरडा.

आग दिसली की आपण हंडे-कळश्या घेऊन धावतो. बंबाची गाडी रस्त्यापर्यंत येते, पुढची चढण तिला जमत नाही. तिथे गावातला ट्रॅक्टर उपयोगी पडतो. फवारणीची टाकी त्याच्या मागे जोडता येते. पुढे लोडर असेल तर लोडरवर बसणारी टाकीही मिळते. एरवी हीच टाकी लावलेल्या रोपांना पाणी घालते. मात्र तिच्यात आधी तणनाशक असेल तर ती नीट धुवायलाच हवी, नाहीतर रोपंच जळतील.

आता पाण्याचा हिशेब करू. 400 लिटर म्हणजे पाठीवरचे 16 लिटरचे 25 पंप. पुष्कळ वाटतं. पण नळीतून मिनिटाला 20 लिटर पाणी गेलं, तर 20 मिनिटांत टाकी रिकामी! म्हणून हे पाणी मोठ्या ज्वाळांवर उडवून संपवायचं नाही. आधी जाळरेषा हवी, म्हणजे गवत-पाला काढून मोकळा केलेला पट्टा. पट्ट्याच्या कडेचं गवत भिजवायचं, पट्टा ओलांडून पडलेली ठिणगी विझवायची आणि शेवटी धुमसणारे बुंधे थंड करायचे. बुंधा आतून धुमसत राहतो आणि वारा सुटला की पुन्हा पेटतो. दुसऱ्या दिवशीही फेरी मारायची ती याचसाठी.

पाणी जड असतं. 400 लिटर म्हणजे 400 किलो, टाकीचं वजन वेगळं. लोडरवरची टाकी उंच धरून चालवली तर ट्रॅक्टर कलंडतो. ती जमिनीलगत ठेवावी आणि मागे वजन बांधावं. अर्धवट भरलेल्या टाकीत पाणी हिंदकळतं आणि तोल जातो. उतारावर आडवं कधीही चालवू नये. चालकाशिवाय ट्रॅक्टरवर कोणी बसू नये.

आपणही जपायचं. आग चढणीला वेगाने धावते, म्हणून आगीच्या वरच्या बाजूला थांबायचं नाही. नायलॉनची साडी नको, सुती कपडे घालावेत, पदर खोचावा. परत फिरायची वाट आधी बघून ठेवावी.

सामूहिक वनहक्क मिळालेल्या गावात जंगल राखण्याचा अधिकार 2006 च्या वनहक्क कायद्याने ग्रामसभेला दिला आहे. जाळरेषेची मजुरी आणि ट्रॅक्टरचं डिझेल हे विषय ग्रामसभेत मांडायला आपण कचरायचं नाही. हंडे घेऊन धावायला आपण पुढे, मग ठरवायला मागे का?

या महिन्याच्या बैठकीत तीन गोष्टी ठरवूया. टाकी कोणाची आणि भरून कुठे उभी राहील? रात्री बोलावलं तर ट्रॅक्टर कोण चालवेल? जाळरेषा कोणत्या दिवशी काढायची? आणि वन विभागाचा 1926 हा मदत क्रमांक समाजमंदिराच्या भिंतीवर ठळक लिहून ठेवूया.